शक्यतो

एकोणीस वर्षं सरकारी वकिली केली तेव्हा त्यांना सगळे ‘वकीलबाई’ म्हणत. आमदार झाल्यावरही ते नाव सुटलं नाही.

राजकारणात त्या आल्या त्या एका शिंपीणबाईमुळे. तिने दुकानाच्या दारातून समोरचा खून पाहिला होता. पोलिसांना जबाब दिला, तो ठाम. साक्षीच्या दिवशी मात्र तिला अडीच तास कोर्टाबाहेरच्या एकुलत्या एक बाकावर बसावं लागलं. शेजारी आरोपीची आई येऊन बसली. धमकी नाही, शिवी नाही. एवढंच विचारलं, “मुलगी कितवीला आहे तुमची?”

आत गेल्यावर शिंपीणबाई म्हणाली, “मी काही पाहिलं नाही.”

आरोपी सुटला. वकीलबाईंनी तिला जिन्यात गाठलं. “अहो, खोटं का बोललात? मी होते ना तिथे!”

“तुम्ही आत होतात, बाई,” ती म्हणाली. “मी बाहेर होते.”

पुढे वर्षभराने एका पक्षाला निवडणुकीसाठी स्वच्छ उमेदवार हवा होता, तेव्हा वकीलबाई उभ्या राहिल्या आणि थोडक्या मतांनी निवडूनही आल्या. डोक्यात एकच गोष्ट: प्रत्येक कोर्टात साक्षीदारांना बसायला वेगळी खोली, कायद्याने.

पहिली पाच वर्षं गटारं, बदल्या आणि शिफारसपत्रांत गेली. विधेयक मांडलं होतं, पण सभागृहाची मुदत संपली आणि ते बारगळलं. दुसऱ्यांदा निवडून आल्यावर पुन्हा मांडलं. मंत्र्याने नव्हे, साध्या आमदाराने मांडलेल्या विधेयकांची पाळी शुक्रवारी दुपारी यायची, आणि तोवर निम्मे आमदार बॅगा भरून गावी निघालेले असायचे. बाई रिकाम्या बाकांपुढे घसा कोरडा करायच्या. समितीकडे खेपा घालून चपला झिजल्या, गुडघे कुरकुरू लागले. नवरा चित्रकलेचा मास्तर. तो म्हणायचा, “अगं, एवढ्या वर्षांत मी स्वतः खोल्या बांधून दिल्या असत्या.”

शेवटी कायदामंत्र्यांनी बोलावलं. कागद पुढे सरकवला. ‘स्वतंत्र खोली असेल’ याआधी पेनाने एक शब्द घुसडला होता: ‘शक्यतो’.

“हा शब्द काढा,” बाई म्हणाल्या.

“काढला तर विधेयकच जाईल. अर्थखातं ऐकत नाही.”

“साहेब, असल्या एका शब्दावर मी खटले हरलेय.”

“म्हणून तर तुम्हाला समजावून सांगावं लागत नाही,” मंत्री म्हणाले. त्यांचाही आवाज थकलेलाच होता.

बाईंनी दोन दिवस विचार केला आणि हात टेकले. विधेयक आवाजी मतदानाने सहा मिनिटांत मंजूर झालं. कुणीतरी बाक वाजवला.

वर्षभराने त्यांनी माहिती मागवली. विभागातल्या एकेचाळीस कोर्टांपैकी नऊ ठिकाणी खोली झाली होती. बाकीच्यांचं उत्तर जणू एकाच साच्यातून निघालेलं: जागेअभावी शक्य नाही. बाई ज्या कोर्टात उभ्या राहायच्या, तेही त्यातच.

नऊपैकी एक खोली बघायला त्या मुद्दाम लांबच्या गावी गेल्या. दहा बाय आठची जागा, चार खुर्च्या, एक माठ. दाराला आतून कडी होती. आत साक्षीला आलेला एक पोस्टमन बसला होता, हातात समन्स. बाईंना बघून तो दचकून उठला.

“बसा, बसा. कोणी त्रास देतंय का?”

“नाही, बाई. इथे कोणी येतच नाही. पण पंखा बंद आहे, कुणाला सांगायचं?”

बाईंनी कारकुनाला पंख्याचं सांगितलं. तो मान डोलावून ‘बघतो’ म्हणाला.

तिसऱ्या निवडणुकीआधी पक्षाध्यक्षांचा फोन आला. आपण उभ्या राहणार नसल्याचं बाईंनी सांगितलं. गुडघ्यांचं कारण दिलं, ते खोटंही नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, “ठीक आहे, तब्येत सांभाळा.”

बाईंनी फोन जरा जोरातच ठेवला.

“काय झालं?” मास्तरांनी विचारलं.

“काही नाही हो. नको म्हटलं मी. पण एकदा तरी आग्रह करायला हवा होता ना त्याने?”