पायमोज्याचं पान

इंदू अंगणात कोसळली तेव्हा फोन तिच्या हातात होता, आणि त्यातली बाई सांगत होती की ही व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. घाटंजीहून दवाखान्याची गाडी निघाली म्हणत होते, पण निघाली म्हणजे आली असं नसतं… मी पदराने वारा घालत राहिले. दुसरं काय येतं आपल्याला? आदल्या दिवशी टीव्हीवर बर्फ कोसळल्याची बातमी आली होती. तिचा एकुलता एक मुलगा प्रकाश फौजेत, त्याच भागात. तेव्हापासून ती नंबर लावत होती. गाडी आली तेव्हा इंदू गेलेली होती.

महिना होऊन गेला. मुलासाठी ती किती रडायची, असं लोक आता सांगतात. मी तिच्या भिंतीला भिंत लावून राहिले, दोघी एकाच वयाच्या, दोघींचे नवरे आधीच गेलेले. ती रडायची नाही. ती पुस्तकं विकत घ्यायची.

प्रकाश फोनवर काही सांगत नसे. जेवला का विचारलं की हो, निजतो कुठं विचारलं की "हाय जागा, माय," आणि फोन बंद. फौजेत सगळं सांगता येत नाही, हे तिला पटत नव्हतं. घाटंजीच्या बाजारात एक माणूस ताडपत्रीवर पुस्तकं मांडतो. अंकलिपी, लोणच्या-पापडाची पुस्तकं, आणि पोरांसाठी फौजेची चित्रांची पुस्तकं… रणगाडे, विमानं, बर्फातले जवान. तूर विकायला गेलं की आधी हिचा मुक्काम तिथे. एकेक पान अशी उलटायची की दुकानदार वैतागायचा.

"मावशी, घ्याचं हाय का नुसतं पाह्यचं हाय?"

"पाहू तं दे बापू. तुह्यं पुस्तक काही पळून नाही जाऊन राह्यलं."

विमानं आणि तोफा ती सरळ उलटून टाकायची. जवान निजतात कुठं, खातात काय, ओले कपडे वाळवतात कुठं, एवढंच तिला पाहायचं असे. बहुतेक पुस्तकं तिथेच नापास व्हायची. एकात कडक इस्त्रीचे जवान बर्फात रांगेने उभे होते. "हे काय लग्नाले निंघाले?" म्हणून तिने ते परत फेकलं. तिला अक्षर येत नव्हतं. मी चौथी शिकले, म्हणून चित्राखालचं मी वाचायचे.

मग यवतमाळच्या स्टँडवर तिला एक जाड, गुळगुळीत कागदाचं पुस्तक मिळालं. त्यात तंबू होता, तंबूत शेगडी होती, केसाळ टोप्या घातलेले जवान चहाचे मग हातात धरून हसत होते. खाली 'हिवाळी सरावातील जवान' एवढंच छापलेलं. कोणत्या देशाचे ते छापलं नव्हतं, आणि मी छापलेलंच वाचलं. तो हिवाळा तिने मजेत काढला. कापूस वेचायला पुस्तक पिशवीत घालून न्यायची आणि बायांना दाखवायची. "पाहा वो, अंदर शेगडी हाय. माह्या पोराले कायची थंडी?" एवढी निवांत मी तिला कधी पाहिली नव्हती.

उन्हाळ्यात प्रकाश सुट्टीवर आला. पुस्तक पाहून आधी हसला.

"माय, हे आपले नाहीत. बाहेर देशाचे हायत. बूट पाह्य ना त्याईचे."

"मंग आपल्याईचं कसं असते?"

त्याने तिच्या ढिगातून एक पातळ पुस्तक काढलं. कागद वर्तमानपत्रासारखा, चित्रं धुरकट. पुसट चित्रांचं म्हणून तिनेच ते बाजूला टाकलं होतं. त्यात एक जवान पत्र्याच्या डब्यावर बसून पायमोजा शिवत होता. बोटं सुजलेली, नखं काळी. मागे काळवंडलेली भांडी. "हे बरोबर हाय," एवढंच बोलून तो बाहेर निघून गेला. त्याने गप्प बसायला हवं होतं, असं मला वाटतं. पण पोरगा खोटं बोलणारा नव्हता आणि ती विचारल्याशिवाय राहणारी नव्हती.

त्यानंतर इंदूला कोणी फसवू शकलं नाही. गुळगुळीत कागद पाहून ती भुलत नसे. चेहरा नाही, आधी बोटं पाहायची. "नखं पाह्य, सुमन. हा फोटोपुरता उभा हाय." पुस्तक चांगलं निघालं की मला दुसऱ्या दिवशी कळायचं, तिचे डोळे न झोपल्याने लाल असायचे. एकदा मी चिडले.

"कायले घेतं माय तू हे? जीव काहून जाळून घेऊन राह्यली?"

"मंग काय खोटं पाहू?"

मी चित्राखालचं वाचून दाखवलं.

ती गेली त्याच संध्याकाळी तिचा फोन वाजला. मीच घेतला. "माय, मी बोलून राह्यलो. फोन बंद पडले होते इकडं. बर्फ तिकडं दूर पडला, आमाले काही नाही झालं." मी म्हटलं, मी सुमनमावशी. तो म्हणाला, "मायले द्या ना फोन." आता काय देणार होते मी? सांगितलं. तिकडचा रस्ता बर्फाने बंद होता. तो पोहोचेपर्यंत आम्ही सगळं उरकलं होतं.

परत जाताना त्याने घराला कुलूप लावलं आणि ते पातळ पुस्तक माझ्या हातात दिलं. "मावशी, तुमच्यापाशी राहू द्या. मले नाही पाह्यचं." माझ्या घरी ते फळीवर आहे. उघडलं की आपोआप पायमोज्याचं पान निघतं. त्या जवानाच्या बोटांवर इंदूच्या अंगठ्याचा तेलकट डाग आहे.

बर्फ दूर पडला होता. इंदू गेली. प्रकाश जिवंत आहे.