टाळी मीही वाजवली

मंडळी, दुपारपासून डोकं चालत नाहीये, म्हणून इथे लिहितोय.

चाळीसगावला आमच्या कॉलेजात आज अकरावीची वादसभा होती. अमेरिकेतलं यादवी युद्ध पैशामुळे पेटलं की राजकारणामुळे? फळ्यावर मी दोन रकाने आखले होते: आर्थिक आणि राजकीय.

पैशाच्या बाजूने बोलणारी मुलगी कापूसवाल्या घरातली. म्हणाली, "दक्षिणेतले लोक आपल्यासारखेच कापसाचे शेतकरी होते. कर लादणार उत्तरेकडचे, मग ते भांडणार नाहीत तर काय करतील?"

वर्ग दणाणला. आमच्याकडे कापूस आणि अन्याय एका वाक्यात आले की टाळी आपोआप पडते. मीही वाजवली. मी, इतिहासाचा मास्तर!

दारात आमच्या शिपाई अक्का पाण्याचा जग घेऊन उभ्या होत्या. सुटीच्या दिवशी त्या दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जातात. त्यांनी सहज विचारलं, "सर, पन तो बठ्ठा कापूस येचे कोन?"

बठ्ठा, म्हणजे सगळा. "गुलाम," मी म्हणालो. इतक्या हळू, की मागच्या बाकांना ऐकूही गेलं नसेल.

निकाल दिलाच नाही. खडू अजून खिशात आहे. तुम्हीच सांगा, अक्कांचा प्रश्न कुठल्या रकान्यात लिहू?