हिरव्या कानटोपीचा नियम

आमच्या डिपार्टमेंटचे किस्से जुन्या फ्रीजमधल्या बर्फासारखे. कितीही खरवडा, आठवड्यात पुन्हा तेवढेच! नव्वदच्या आसपास ठाण्यातल्या एका कॉलेजात मी बायॉलॉजीला टेम्पररी डेमॉन्स्ट्रेटर होतो. एम.एस्सी.च्या वर्गाला परवानगी मिळाली तर पक्का, नाहीतर घरी.

*

लॅब आणि कोल्ड रूमच्या मधे बोळासारखा कॉरिडॉर. एकदा डोंबिवलीहून येणारे जोशी सर आणि आमचे शिपाई तांडेल मामा तिथे धडकले आणि आमच्या हेड प्रधान मॅडमनी सहा महिने वाढवलेल्या यीस्टचा जमिनीवर सडा!

मॅडमचा विषय पेशीतली मालवाहतूक. माल इवल्याशा पिशव्यांतून जातो. कुठली पिशवी कधी सुटणार, हे प्रथिनांचे स्विच ठरवतात. जीटीपी नावाचा रेणू चिकटला की स्विच चालू. माल पोचला, रेणूचा तुकडा तुटला, की बंद.

मॅडमनी एकच हिरवी कानटोपी आणली. "हे आपलं जीटीपी! घातली तर माल न्यायचा, पोचला की काढायची. टोपीशिवाय या कॉरिडॉरमधून कागदसुद्धा हलणार नाही!"

*

दुसऱ्याच दिवशी जोशी सर टोपी काढायला विसरले. मामांनी हातात ट्रे दिला. तो पोचवला, तर दुसरा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सोळा खेपा!

"अरे, कोणीतरी थांबवा मला!"

मॅडम अख्खा वर्ग घेऊन धावत आल्या. "बघा, म्युटंट! कायम चालू राहिलेला स्विच!"

*

एकदा मॅडमच यीस्टची प्लेट घेऊन निघाल्या. मामा दारात आडवे.

"टोपी?"

"मामा, नियम मी केलाय!"

"मंग तुमाला तर ठावूक पायजे."

मॅडम टोपी आणायला परत फिरल्या.

*

शेवटी एम.एस्सी.च्या परवानगीसाठी युनिव्हर्सिटीची कमिटी आली. अध्यक्षांना टक्कल. कोल्ड रूममध्ये डोकं गारठलं म्हणून त्यांनी खुंटीवरची टोपी चढवली. मामांनी लगेच ट्रे हातात ठेवला.

"हे काय चाललंय?"

"सायेब, स्विच चालू हाय तुमचा."

अध्यक्षांनी चार ट्रे पोचवले. चिडले की काय, कळेना. गाडीत बसून गेले ते टोपीसकट.

*

महिनाभर लॅब ठप्प. मॅडम दुसरी टोपी आणायला तयार होत्या, पण मे महिन्यात ठाण्यात कानटोपी कोण विकणार?

एका दुपारी कॉरिडॉरच्या पलीकडच्या टोकाला मामा येऊन थांबले. हातात युनिव्हर्सिटीचं पत्र आणि अध्यक्षांकडून आलेलं पार्सल.

"मामा, माझी नोकरी आहे त्या पत्रात! आणा ना!"

"टोपी?"

"पार्सलमध्ये टोपीच असणार! फोडा की!"

"म्याडमच्या नावाचं हाय."

मॅडम रिकाम्या हातांनी पलीकडे गेल्या, पार्सल फोडलं. मामांनी टोपी चढवली, पत्र माझ्यापर्यंत आणलं, टोपी काढली. परवानगी मंजूर! मला रडूच आलं.

टोपीला अध्यक्षांची चिठ्ठी टाचलेली होती. मॅडमनी मोठ्याने वाचली :

"उशीर झाला, क्षमस्व. नियम बायकोला सांगून बसलो."