नचिकेतसाहेबांचं समुद्री गवत

हडपसरच्या ज्या रानात मंजुळाबाईंनी वीस वर्षं कांदा लावला, तिथे आता टॉवर उभा होता, आणि त्याच्या सातव्या मजल्यावर त्या नचिकेतसाहेबांची लादी पुसत होत्या. साहेब संगणकातले मोठे इंजिनिअर. अक्कल मात्र बेताचीच, असं बाईंचं स्पष्ट मत. त्यांनी काचेच्या टाकीत खारं पाणी करून समुद्रातलं गवत लावलं होतं. दर शुक्रवारी ते उपटायचं, मुळं पट्टीने मोजायची, आकडे कॉम्प्युटरवर भरायचे आणि गवत पुन्हा वाळूत खोचायचं. ते पिवळं पडलं की साहेब दिवे बदलत.

"साहेब, त्याला जरा सुखानं बसू द्या की वाळूत," बाई एकदा म्हणाल्या.

"मोजल्याशिवाय प्रगती कळत नाही, बाई," साहेब हसले. मोठा शहाणा!

मग कंपनीने त्यांना दोन महिने अमेरिकेला धाडलं. बाई रोज फक्त आटलेल्या पाण्याइतकं गोडं पाणी ओतत. गवताला हिरवीगार पाती फुटली.

साहेब परतले ते टाकीपुढे नाचलेच.

"बाई, जगलं! मुळं केवढी झाली असतील!"

त्यांनी बाही वर सारून टाकीत हात घातला. बाईंनी न सांगताच कचऱ्याची बादली आणून शेजारी ठेवली.