उत्तर न आलेला नमस्कार

फ्रान्समधल्या पहिल्याच सकाळी मी पावाविना राहता राहता वाचलो. कंपनीनं नवं मशीन शिकायला तीन महिन्यांसाठी पाठवलं होतं. भूक लागली म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात शिरलो आणि बोटानं दाखवलं, हा एक द्या. काउंटरमागच्या बाईनं पावाला हातही लावला नाही. माझ्याकडं रोखून बघत ती ठासून म्हणाली, “बोंजूर!” (नमस्कार.) मी पुन्हा बोट दाखवलं. तिचं पुन्हा तेच. शेवटी मी पुटपुटलो, “बोंजूर.” लगेच हसली आणि पाव कागदात गुंडाळून दिला.

माझं डोकंच फिरलं. पैसे मी मोजायचे आणि वर नमस्कारही मीच घालायचा? कारखान्यात तर रोज सकाळी फरशी पुसणाऱ्यापासून साहेबापर्यंत प्रत्येकाशी हात मिळवायचा. बायका गालाला गाल लावत. चुकून एक जण राहिला, की तो दिवसभर तोंड फुगवून बसे. नुसता वेळेचा सत्यानाश, असं मी फोनवर बाबांना सांगितलं.

बाबांनी विचारलं, “तू बोंजूर म्हणलास की ते बी म्हणत्यात का?”

“म्हणतात की. दर वेळी.”

“दर वेळी?” बाबांनी पुन्हा विचारलं. मला त्याचं काही वाटलं नाही.

परतल्यावर बसवकल्याणहून जीपनं मुडबीला, घरी गेलो. बाबा शिंपी आहेत. त्यांच्या दुकानासमोरच्या हॉटेलात आम्ही सुसला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी घालून करतात तो) खात होतो. तेवढ्यात गावातले बडे शेतकरी अप्पा आले. त्यांचे सदरे बाबाच शिवतात. बाबा घास ठेवून उठले, हात जोडले. “नमस्कार, अप्पा.”

अप्पांनी मानही वळवली नाही. मला म्हणाले, “काय रे, कवा आलास? तिकडं काय करायलास?”

लहानपणापासून हेच बघत आलोय. आम्ही बौद्ध. आमचा नमस्कार नुसता घ्यायचा, परत द्यायचा नाही, हा या माणसाचा जन्मभराचा शिरस्ता. आणि मी मूर्ख, त्या पाववाल्या बाईवर चिडलो होतो! माझी मलाच लाज वाटली.

“अप्पा, बाबांनी नमस्कार केलाय. आधी त्यांना उत्तर द्या, मग सांगतो.”

“लई शिकून आलास की,” म्हणत अप्पा चहा न घेताच निघून गेले.

बाबा माझ्यावरच उखडले. “कामून बोललास? गिऱ्हाईक तुटलं तर?” आणि तडक दुकानात जाऊन शिलाई मशीनवर बसले.

दुसऱ्या दिवशी ते मला जीपपर्यंत सोडायला आले. समोरून अप्पा. सवयीनं बाबांचे हात वर निघाले आणि अर्ध्यावरच थांबले. त्यांनी ते खाली घेतले. अप्पा पुढं गेले, थबकले, मागं वळले. “काय, आज नमस्कार न्हाई?”

बाबा स्पष्ट म्हणाले, “कालच्याचं उत्तर यायचंय, अप्पा. ते आलं की आजचा करतो.”