वळणावर केलेली प्रार्थना

डॉ. शमुवेल आढाव गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी सकाळी नाशिक रोडच्या राहत्या घरी वारले. झोपेतच हृदय बंद पडलं. दुसरा शनिवार हा शिबिराचा दिवस. त्यामुळे जीप दारात उभी होती आणि औषधांचे खोके आदल्या रात्रीच पायरीवर काढून ठेवलेले होते. मला फोन आला तो जीप चालवणाऱ्या रफिकभाईंचा. "साब उठत नाहीयेत," ते म्हणाले. मग, "भाभी विचारतायत, पाड्यावर निरोप कसा द्यायचा?" पाड्यावर मोबाइलला रेंज नसते. निरोप गेला नाही. त्या दिवशी तिथल्या शाळेच्या व्हरांड्यात माणसं अंधार पडेपर्यंत बसून होती, हे आम्हाला नंतर कळलं.

डॉक्टर डोळ्यांचे होते. सरकारी नोकरीत होते तेव्हापासून त्यांनी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या चार-सहा जणांना घेऊन सुरगाण्यापलीकडच्या एका पाड्यावर दर महिन्याला जाण्याचा नेम ठेवला होता. पत्नी एस्तेरवहिनी परिचारिका, त्या ड्रेसिंग आणि औषधं पाहत. मी वर्तमानपत्रात उपसंपादक. माझ्याकडे नजर तपासण्याचा तक्ता भिंतीला लावणं आणि चष्म्यांच्या पेट्या उघडणं एवढंच काम होतं. रफिकभाईंचं नाशिकच्या द्वारका चौकाजवळ गॅरेज. मंडळीतले नसूनही इतक्या वर्षांत एकही शिबिर न चुकवलेला माणूस म्हणजे तेच. कुणी कारण विचारलं तर सांगायचे, "साबने माझ्या अम्मीचा मोतीबिंदू काढला. गाडी मी चालवणार, बाकी तुमचं तुम्ही बघा."

डॉक्टरांची प्रार्थना लांब असे. जेवणाआधीची सुद्धा. वहिनी म्हणायच्या, "यांनी डोळे मिटले की मी भाजी परत गॅसवर ठेवते." रफिकभाईंचं म्हणणं, घाट चढून आल्यावर इंजिन थंड व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ साबच्या आमेनला लागतो, त्यामुळे पाड्यावर प्रार्थना असावीच. डॉक्टर हसायचे आणि तेवढीच लांब प्रार्थना करायचे. शिबिराची पद्धत त्यांनीच घालून दिली होती. आम्ही पोचलो की माणसं व्हरांड्यात बसायची, डॉक्टर उभे राहून प्रार्थना करायचे, एक गीत व्हायचं आणि त्याच वेळी बसलेल्यांच्या हातात नंबरच्या चिठ्ठ्या दिल्या जायच्या. माणसं एका जागी बसलेली असतात, गोंधळ होत नाही, एवढाच त्यामागचा हिशेब. पाड्यावरचे लोक या सगळ्याला "देवाजवळ बसणं" म्हणत. रविवारी चर्चमध्ये साक्ष देताना, म्हणजे देवाने काय घडवलं ते मंडळीपुढे सांगताना, डॉक्टर अभिमानाने म्हणत, की आमच्या शिबिरात प्रार्थनेतून एकही माणूस मध्येच उठून जात नाही. ते खरंच होतं. कुणी उठत नसे.

एका वर्षी भाताच्या कापणीचे दिवस होते. त्या शिबिरात एक बाई मोहाच्या झाडाखाली दिवसभर बसली होती. पदराचा बोळा करून उजवा डोळा दाबून धरलेला. आमच्यापैकी प्रत्येकाने तिला पाहिलं आणि प्रत्येकाला वाटलं, ती कुणाच्या तरी सोबतीला आली असेल. संध्याकाळी आम्ही सामान आवरत असताना ती उठली आणि नदीच्या दिशेने निघून गेली. पुढच्या महिन्यात ती पुन्हा आली, या वेळी वेळेवर, सगळ्यांत पुढे बसली, प्रार्थनेत हात जोडले, चिठ्ठी घेतली. नाव चिमणाबाई. उजव्या डोळ्यात फूल पडलं होतं. बुबुळ पांढरं. डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं आणि विचारलं, "हे कधी झालं?"

"कापणीत. पात लागली भाताची."

"म्हणजे मागच्या महिन्यात? मग तेव्हा का नाही दाखवलंत? मागच्या महिन्यात थेंब घातले असते तर डोळा वाचला असता, बाई."

"आली व्हती ना. मला उशीर झाला, नदीला पाणी व्हतं. तुमचं देवाजवळ बसणं झालं व्हतं." तिने हे अगदी सहज सांगितलं. "मी बसलीच नाय, चिठी नाय, मंग औषध कसं मागू? आमी फुकटचं घेत नाय."

डॉक्टरांनी टॉर्च टेबलावर ठेवला. ते शाळेच्या मागे गेले आणि बऱ्याच वेळाने परत आले. उरलेल्या सगळ्यांना त्यांनी तपासलं. परतताना नाशिकमध्ये शिरल्यावर द्वारकेच्या चौकात ट्रॅफिकमध्ये जीप अडकली तेव्हा, समोर पाहत, म्हणाले, "ती चुकली नाही. आपण तेच सांगत होतो. फक्त तोंडाने बोलत नव्हतो."

पुढच्या रविवारी ते साक्ष द्यायला उभे राहिले. मंडळीला साक्षीत आनंदाच्या गोष्टी ऐकायची सवय असते. डॉक्टरांनी मोहाचं झाड, पदराचा बोळा आणि चिठ्ठी, एवढंच सांगितलं. "येशूच्या नावाने मी औषधाला किंमत लावली आणि एका बाईचा डोळा गेला," असं म्हणून ते बसले.  संध्याकाळी चर्चचे पाळकसाहेब त्यांच्या घरी आले. मी तिथे होतो. पाळकसाहेबांनी समजावून पाहिलं की बाईचा गैरसमज झाला, त्यासाठी पद्धत कशाला मोडायची. शिबिरात प्रार्थनाच नसेल तर सरकारी शिबिरात आणि आपल्यात फरक काय राहिला?

"फरक तिला दिसला होता, पाळकसाहेब," डॉक्टर म्हणाले. "म्हणून तर ती उठून गेली."

त्यानंतर पाड्यावर प्रार्थना झाली नाही. पाड्याच्या अलीकडे घाटाचं शेवटचं वळण आहे. तिथे रस्त्याच्या कडेला एक सपाट खडक आहे. रफिकभाई जीप तिथे उभी करायचे. आम्ही खाली उतरायचो, डॉक्टर टोपी काढायचे आणि चार वाक्यांत प्रार्थना संपवायचे. रफिकभाई तेवढा वेळ बॉनेटला टेकून दरीकडे तोंड करून उभे राहायचे. पहिल्यांदा एवढ्या लवकर आमेन ऐकल्यावर त्यांनी वळून पाहिलं होतं. "बस, साब? इंजिन गरम आहे अजून."  त्या चेष्टेला डॉक्टर हसले नाहीत, आणि रफिकभाईंनी ती पुन्हा केली नाही.

काही वर्षांनी चिमणाबाईच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागला. साधी शस्त्रक्रिया. डॉक्टर नाशिकला स्वतः करणार होते, नेण्या-आणण्याची सोय आमची. ती नाही म्हणाली. दर महिन्याला डॉक्टर तिच्यासमोर उकिडवे बसून तेच विचारायचे आणि दर महिन्याला ती तेच सांगायची.

"एक गेला तो गेला. हा ऱ्हाऊ द्या. देवाजवळ बसली नाय म्हणून तो गेला. तुमचा देव अजून रागात हाय का नाय, तुमाला तरी काय ठाव?"

"देव रागावलाच नव्हता, चिमणाबाई. चूक माझी होती."

ती हसायची. तोंडावर पदर घेऊन, आजूबाजूच्या बायकांकडे पाहून. "ऐका गं. डॉक्टरची चूक! चूक करायला आमी हाय ना."

डॉक्टर तिला पुन्हा पुन्हा समजावत. एकदा म्हणाले, "हे बघा, आता इथे कुणाला बसावं लागत नाही. पाहिलंत ना? आम्ही घाटातल्या वळणावरच प्रार्थना करून येतो. तुमचा त्याच्याशी काही संबंध नाही."

"वळणावर? खडकाजवळ?"

"हो."

"बरं," ती म्हणाली. आणखी काही विचारलं नाही.

परतताना जीपमधली मागची खिडकीजवळची जागा डॉक्टर रिकामी ठेवायचे. ती ऐनवेळी हो म्हणाली तर जागा नाही असं व्हायला नको. आम्ही बाकीचे खोके मांडीवर घेऊन दाटीने बसायचो. "साब, या सीटचं तिकीट काढून ठेवू का?" रफिकभाई विचारायचे. चिमणाबाईला अलीकडे समोरच्या माणसाचा चेहरा दिसेनासा झाला होता. ती आवाजावरून ओळखायची. मंडळीत कुणी डॉक्टरांच्या मोठ्या कामाचं बोलणं काढलं की ते विषय बदलत. सत्काराला बोलावलं की जात नसत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया त्यांनी अगणित केल्या, पण त्यांच्या बोलण्यात नाव यायचं ते एकच, चिमणाबाईचं. ते गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी मी तक्ता ठेवायला त्यांच्या घरी गेलो होतो. दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "उद्या मागची सीट मोकळी ठेव." ते आमचं शेवटचं बोलणं.

या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही पुन्हा गेलो. डॉक्टरांच्या जागी त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एक डॉक्टरीणबाई होत्या. एस्तेरवहिनी पुढे बसल्या. वळण आलं तेव्हा कुणी काही सांगितलं नव्हतं, रफिकभाईंनी जीप थांबवली. वहिनींनी प्रार्थना केली. तीही चार वाक्यांची.

चिमणाबाई व्हरांड्यात बसलेली होती. वहिनींनी तिला सांगितलं. तिने वहिनींचा हात चाचपडून धरला. "मागल्या टायमाला आला नाय, तवाच वाटलं." मग, "कसा गेला?"

"झोपेत."

"बरा गेला." शिबिर संपेपर्यंत ती तिथून हलली नाही. आम्ही खोके उचलायला लागलो तेव्हा म्हणाली, "मला न्यायचं म्हणायचा तो. न्या मंग." फडक्यात बांधलेली नागलीची भाकरी तिच्याजवळ होती. म्हणजे ती घरून ठरवूनच आली होती. तिला मागच्या खिडकीजवळच्या जागेवर बसवलं.

जीप घाटाला लागली. थोडं उतरल्यावर तिने पुढे वाकून रफिकभाईंच्या खांद्यावर थाप मारली. "वळण आलं का?"

"आलं, मावशी."

"थांबव."

"परतताना नाही थांबत आम्ही."

"थांबव. माझं राहिलेलं हाय."

रफिकभाईंनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी मागे वळल्या. "चिमणाबाई, तुमचं काही राहिलेलं नाही. डॉक्टर इतकी वर्षं तेच तर सांगत होते."

"सांगायचा तो. भला व्हता." ती दार उघडण्याच्या प्रयत्नात होती. "आता तो नाय. मंग माझ्या बाजूनं कोन बोलंल? मला खडकाशी न्या."

वहिनींनी तिला हाताला धरून खडकाजवळ नेलं. ती खाली बसली, डोक्यावर पदर घेतला, हात जोडले. "काय बोलायचं?" तिने विचारलं. वहिनी तिच्या शेजारी टेकल्या. आम्ही जीपजवळ उभे होतो. रफिकभाई नेहमीसारखे दरीकडे तोंड करून... बऱ्याच वेळाने चिमणाबाई उठली. लुगडं झटकलं. "झालं," ती म्हणाली. "आता काढा माझा डोळा."

शस्त्रक्रिया सोमवारी झाली. मंगळवारी सकाळी पट्टी काढली. तक्त्यावरच्या शेवटून दुसऱ्या ओळीतल्या E सारख्या खुणा कोणत्या बाजूला उघड्या आहेत, ते तिने बोटाने बरोबर दाखवलं.