मळईवरचा मका

कासिमिराची सारी उमर ग्वाटेमालाच्या दक्षिण किनाऱ्यावर केळीचे घड वाहण्यात गेली होती. मळे अमेरिकन कंपनीचे. सरकारनं कंपनीची पडीक जमीन काढून घेऊन मजुरांना वाटली, तेव्हा या विधवेलाही एक तुकडा मिळाला. पहिल्याच हंगामात तिनं मका असा पिकवला की शेजारी बघत राहिले.

चोपन्न सालच्या जूनमध्ये रेडिओवर एक नवा आवाज बोलू लागला. 'आम्ही इथल्याच जंगलातून बोलतोय, हे सरकार उलथायला मुक्तिसेना हजारोंनी येतेय,' असं तो सांगे. पाठोपाठ विमानं घिरट्या घालू लागली. शेजारच्या रेमिहिओनं बैलगाडी जुंपली.

"चल कासिमिरा. फौज आली की आधी जमीन मिळालेल्यांना धरतील."

"फौज पाहिलीस का तू?"

"रेडिओ सांगतोय ना!"

"रेडिओला काय, तोंड आहे म्हणून बोलतो. माझं तण कोण काढणार?"

रेमिहिओ गेला. हजारोंची फौज काही आली नाही. मूठभर माणसं सीमेजवळच अडखळत होती. रेडिओ परदेशातून बोलत होता आणि विमानं अमेरिकेनं पुरवली होती, हे लोकांना फार उशिरा कळलं. पण राजधानीतले सेनाधिकारी बिचकले होते. आज यांना हरवलं तर उद्या अमेरिका स्वतःच उतरेल, या धास्तीनं त्यांनी जमीन वाटणाऱ्या अध्यक्षाला खुर्ची सोडायला लावली.

कणसं भरायच्या आत शिपाई आले. जमीन पुन्हा कंपनीकडे गेली आणि कम्युनिस्ट म्हणून कासिमिराला कोठडीत घातलं.

"कम्युनिस्ट म्हणजे कोण रे बाबा?" तिनं पहारेकऱ्याला विचारलं. त्यालाही सांगता येईना.

पावसाळा सरता सरता ती सुटली. नदीचं पाणी ओसरून काठाला गाळाची काळीभोर मळई उघडी पडली होती. कंपनीच्या कागदांत ती नव्हती, कारण दर पावसाळ्यात ती बुडायची. कासिमिरानं तिथं कुदळ चालवायला घेतली.

एका सकाळी रेमिहिओ येऊन खाली मान घालून उभा राहिला. "मी पळालो. तू मात्र..."

"कुदळ आणलीस?"

"आणलीय."

"मग उभा काय राहिलास?"

हळूहळू आणखी घरं आली. फेब्रुवारीच्या सुमारास कणसं भरली. एक हवालदार चौकशीला आला.

"जमीन कुणाची?"

"नदीची," कासिमिरा म्हणाली. "तिला विचारा."

तो हसला, भाजलेलं कणीस घेतलं आणि खात खात निघून गेला. त्या वर्षी मळई कसणाऱ्या कुठल्याच घरात चूल विझली नाही.